बॅकअप अडतो तेव्हा
(संगणक-परिचय लेखमाला)



मागील लेखात आपण बॅकअप म्हणजे काय आणि तो बाहेरच्या हार्ड डिस्कवर कसा घ्यायचा हे पाहिले. त्यानंतर वर्गात आणि पालक-सभेतही एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत पुढे आला. "सर, बॅकअप लावला होता, पण मध्येच लाल खूण येऊन थांबतो." "डिस्क लावली की आवाज येतो, पण दिसत नाही." "सहा महिने व्यवस्थित चालला, आता रोज नवाच संदेश." तेव्हा या अंकात अडलेल्या बॅकअपचाच विचार करू या.

विश्वस्त मंडळींनीही हा लेख वाचावा अशी विनंती आहे, कारण त्यांचाही एक प्रश्न यात आहे. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीचे पाणी आपल्या शहरात शिरले, ते दिवस कोणी विसरलेले नाही. पाणी ओसरल्यावर मंडळींनी विचारले होते की जनरल रजिस्टरची संगणकावरची नोंद सुरक्षित आहे ना? प्रश्न रास्त होता. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे आपले माजी विद्यार्थी आजही जन्मतारखेच्या दाखल्यासाठी शाळेकडेच येतात, काही तर परदेशातून पत्र पाठवतात. जुनी कागदी रजिस्टरे जीर्ण झाली म्हणून ती संगणकावर उतरवली. आता त्या संगणकाची एकच प्रत असेल आणि तिचा बॅकअप तीन महिन्यांपूर्वीच गुपचूप थांबला असेल, तर आपण कागदापेक्षा वाईट स्थितीत आहोत. कागद निदान हळूहळू जातो.

"गुपचूप" हा शब्द मी मुद्दाम वापरला. पंखा बंद पडला की लगेच उकडते, नळ गळला की पाणी दिसते. बॅकअप बंद पडला तर काहीच होत नाही. संगणक नेहमीसारखा चालतो, प्रश्नपत्रिका छापल्या जातात, फीच्या पावत्या निघतात. ज्या दिवशी मूळ डिस्क जाते त्याच दिवशी कळते.

आधी एक गोष्ट करू नये

बाहेरची डिस्क लावल्यावर कधी कधी विंडोज विचारते की ही डिस्क वापरण्याआधी फॉर्मॅट करावी लागेल, करू का? खाली मोठे बटण असते, आणि माणसाचा हात आपोआप तिकडे जातो. तेथे "नको" म्हणायचे आणि डिस्क काढून बाजूला ठेवायची. या संदेशाचा अर्थ डिस्क रिकामी आहे असा नसतो. डिस्कवरची अनुक्रमणिका संगणकाला वाचता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पुस्तकाची अनुक्रमणिका फाटली म्हणून प्रकरणे जात नाहीत. फॉर्मॅट केल्याने मात्र नवी कोरी अनुक्रमणिका चिकटवली जाते आणि जुनी प्रकरणे शोधणे फार अवघड होते. पुष्कळदा दोष केबलचा असतो, आणि दुसऱ्या केबलने तीच डिस्क जशीच्या तशी उघडते.

दुसरे म्हणजे, एका वेळी एकच गोष्ट बदलावी. केबल बदलली, पोर्ट बदलले, डिस्कही दुसरी घेतली आणि बॅकअप झाला, तर आनंद होतो खरा, पण दोष कशात होता ते कळत नाही आणि पुढच्या आठवड्यात तो परत येतो. विज्ञानाच्या प्रयोगवहीत आपण जसे एकच घटक बदलून निरीक्षण लिहितो, तसेच येथे करायचे.

संदेशातला आकडा वाचा

बॅकअप अडला की विंडोज बहुधा एक लांबलचक क्रमांक दाखवते. तो बघून लोक घाबरतात आणि खिडकी बंद करतात. तसे करू नका, आधी तो वहीत उतरवून घ्या किंवा मोबाईलवर त्याचा फोटो काढा. या क्रमांकात खरी माहिती असते, आणि आठवी-नववीचा विद्यार्थी ती स्वतः काढू शकतो.

समजा क्रमांक आला ०एक्स८००७००७०. सुरुवातीचे "०एक्स" एवढेच सांगते की पुढची संख्या १६ च्या पायावर लिहिली आहे. आपण १० च्या पायावर मोजतो, म्हणून ९ नंतर एक घर डावीकडे सरकतो. १६ च्या पायात ९ नंतर ए, बी, सी, डी, ई, एफ ही अक्षरे १० ते १५ साठी वापरतात आणि मग घर सरकते. क्रमांकातला पहिला ८ म्हणजे काम फसले. पुढचे ००७ म्हणजे तक्रार विंडोजच्या मूळ यादीतली आहे (जेम्स बाँडचा येथे काही संबंध नाही). आपल्या कामाचे शेवटचे चार अंक, ००७०. ७ गुणिले १६ अधिक ०, म्हणजे ११२. विंडोजच्या यादीत ११२ क्रमांकाची तक्रार आहे : डिस्कवर जागा उरली नाही.

आता शेवटी ०००५ असेल तर ५, म्हणजे परवानगी नाकारली. ००१७ असेल तर १६ अधिक ७, म्हणजे २३ : लिहिलेला मजकूर वाचताना ताळा जुळला नाही. ०४५डी असेल तर ४ गुणिले २५६, अधिक ५ गुणिले १६, अधिक १३, म्हणजे १११७ : डिस्कशी चाललेले बोलणे मध्येच तुटले. या चार तक्रारी चार निरनिराळ्या दिशांना बोट दाखवतात. जागा संपली असताना केबल बदलत बसण्यात अर्थ नाही, आणि ताळा चुकत असताना फाईली पुसून जागा करण्यात तर धोकाच आहे.

ताळ्याबद्दल थोडे अधिक. तुमच्या आधार क्रमांकात १२ अंक असतात. त्यातला शेवटचा अंक आधीच्या ११ अंकांवरून गणिताने काढलेला असतो. कोणी घाईत एक अंक चुकीचा टाकला तर शेवटचा अंक जुळत नाही आणि चूक लगेच पकडली जाते. हार्ड डिस्कही प्रत्येक तुकड्याबरोबर असा ताळा लिहून ठेवते. वाचताना तो जुळला नाही की डिस्क पुन्हा पुन्हा वाचून पाहते, आणि शेवटी हात टेकते. म्हणून २३ क्रमांकाची तक्रार गंभीर समजावी. ती मूळ डिस्कची आहे की बाहेरच्या डिस्कची हे मात्र आधी पाहावे. बॅकअप नेहमी एकाच फाईलपाशी थांबत असेल, तर ती एक फाईल संगणकावरच उघडून पाहा. तीच उघडत नसेल तर बाहेरची डिस्क निर्दोष आहे, आजारी आहे तो संगणक.

केबल आणि वीज

१११७ क्रमांक आला, किंवा डिस्क जोडल्या-तोडल्याचा आवाज परत परत येत राहिला, तर प्रथम केबल पाहावी. खिशात मावणाऱ्या लहान डिस्कला वेगळा अ‍ॅडॉप्टर नसतो, ती वीजही यूएसबीच्या वायरीतूनच घेते. जुन्या यूएसबी २ पोर्टवर ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर, म्हणजे अडीच वॉट मिळतात. यूएसबी ३ वर ९०० मिलिअँपिअर, म्हणजे साडेचार वॉट. डिस्कमधली तबकडी स्थिर असताना फिरायला लागते त्या क्षणी सर्वात जास्त वीज लागते. सायकलचे पहिले पॅडल जड जाते, तसेच. मध्ये लांब एक्स्टेंशन वायर असली, किंवा एकाच हबवर माऊस, कीबोर्ड, प्रिंटर आणि डिस्क असे सारे कुटुंब बसवले असले, की डिस्कला वीज पुरत नाही. ती फिरू लागते, थांबते, पुन्हा फिरू लागते.

टेबलावरच्या संगणकाला पुढे आणि मागे अशी दोन्हीकडे पोर्ट असतात. मागची पोर्ट थेट मदरबोर्डवर असतात, पुढची आतल्या एका वायरीने जोडलेली असतात आणि ती वायर वर्षानुवर्षांच्या धुळीत सैल होते. तेव्हा डिस्क मागे लावून पाहावी. लहान डिस्कच्या बाजूची ती चपटी, रुंद पिन तर फारच नाजूक असते, जरा हलली तरी संपर्क तुटतो. डिस्क टेबलावर सपाट ठेवावी, वायरीला लोंबकळत ठेवू नये. नवी केबल घेऊनही हे थांबले नाही, तरच पुढच्या शंका घ्याव्यात.

पत्ता चुकला, वेळ चुकली

विंडोज प्रत्येक डिस्कला एक अक्षर देते. बॅकअप लावताना डिस्कचे अक्षर ई होते आणि आपण "ई वर लिही" असे सांगून ठेवले. एक दिवस कोणीतरी आधी पेन ड्राइव्ह लावला, त्याला ई मिळाले, आणि हार्ड डिस्क एफ झाली. आता बॅकअप एक तर "डिस्क सापडत नाही" म्हणतो, किंवा जर साध्या कॉपी करण्याच्या आदेशावर चालत असेल तर इमाने-इतबारे त्या पेन ड्राइव्हवर लिहू लागतो! पेन ड्राइव्ह भरतो आणि जागा संपल्याची तक्रार येते. आपण हार्ड डिस्क पाहतो तर ती अर्धी रिकामी. यावर उपाय सोपा आहे. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन त्या डिस्कला झेडसारखे दूरचे अक्षर एकदाच देऊन ठेवावे. विंडोज ते लक्षात ठेवते.

वेळेचा घोळ तर कचेऱ्यांमध्ये हमखास आढळतो. विंडोजमध्ये बॅकअपची एक जुनी सोय आहे, तिच्या नावात अजूनही "विंडोज ७" असे लिहिलेले दिसते. काही न बदलता ती चालू केली तर ती दर रविवारी संध्याकाळी ७ ची वेळ धरते. रविवारी शाळा बंद, शनिवारी जाताना शिपाईकाकांनी मुख्य स्विच बंद केलेला. त्यांचे काही चुकले नाही, तसे सांगितलेलेच आहे. वेळ बदलून कामाच्या दिवशी मधल्या सुट्टीची ठेवावी, आणि त्या वेळी संगणक झोपी जाणार नाही अशी सोय वीज-व्यवस्थेच्या सेटिंगमध्ये करावी.

जागेचे गणित

खोक्यावर १ टेराबाइट लिहिलेले असते आणि विंडोज ९३१ जीबी दाखवते. दुकानदाराने फसवले असे नाही. कारखाना १ टेराबाइट म्हणजे एक लाख कोटी बाइट धरतो. विंडोज एक जीबी म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइट, अर्थात २ चा ३० वा घात धरते. भागाकार करून पाहा, ९३१ येतील.

खरी अडचण जुन्या आवृत्त्यांची असते. विंडोजची "फाईल हिस्ट्री" ही सोय नेहमीच्या मांडणीत दर तासाला बदललेल्या फाईलींची नवी प्रत ठेवते आणि सांगेपर्यंत जुनी प्रत टाकत नाही. वर्षा-दोन वर्षांत डिस्क भरते. तेथेच जुन्या आवृत्त्या साफ करण्याची सोय आहे, ती वापरावी. हाताने फोल्डर निवडून पुसत बसू नये, त्याने आवृत्त्यांची साखळी तुटते. आणि पालकहो, बॅकअपच्या डिस्कवर लग्नाचे व्हिडिओ आणि सिनेमे ठेवायचे असतील तर ती डिस्क बॅकअपची राहत नाही.

एक संदेश मात्र चकवतो. डिस्क जवळजवळ रिकामी असूनही संपूर्ण संगणकाची प्रतिमा घेताना "पुरेशी जागा नाही" असे येते, आणि क्रमांक ८०७८०११९ असतो. येथे तक्रार बाहेरच्या डिस्कची नसतेच. संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर एक लहानसे लपलेले पार्टिशन असते, त्यात मोकळी जागा उरलेली नसते. हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे.

मोठ्या फाईलीपाशी अडत असेल तर डिस्कची मांडणी पाहावी. डिस्कच्या नावावर उजवे बटण दाबून "प्रॉपर्टीज" उघडले की तेथे फॅट ३२, एक्सफॅट किंवा एनटीएफएस असे लिहिलेले असते. फॅट ३२ मध्ये फाईलीचा आकार लिहायला ३२ द्विमान अंकांचीच जागा आहे, म्हणून सर्वात मोठी फाईल ४,२९,४९,६७,२९५ बाइटची, म्हणजे ४ जीबीला एक बाइट कमी. स्नेहसंमेलनाचे दोन तासांचे चित्रीकरण याहून सहज मोठे होते. डिस्कवर ५०० जीबी मोकळे असले तरी ही फाईल जात नाही. बॅकअपसाठी एनटीएफएस मांडणी घ्यावी, संपूर्ण प्रतिमेसाठी तर विंडोज तीच मागते. ज्यांच्या घरी मॅक आहे त्यांनी इतके लक्षात ठेवावे की एनटीएफएस डिस्क मॅक वाचतो, पण तिच्यावर आपणहून लिहीत नाही.

मराठी नावांची गंमत

हा भाग इंग्रजी पुस्तकांत सापडणार नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. विंडोजमधले अनेक प्रोग्राम फाईलीचा पूर्ण पत्ता, म्हणजे ड्राइव्हचे अक्षर, सर्व फोल्डरांची नावे आणि फाईलीचे नाव मिळून २६० चिन्हांपर्यंतच चालवून घेतात. आता "स्नेहसंमेलन" हा शब्द घ्या. आपण अक्षरे मोजतो : स्ने, ह, सं, मे, ल, न, एकूण ६. संगणक मात्र हलन्त, मात्रा आणि अनुस्वार वेगळे मोजतो, त्याच्या लेखी ही ११ चिन्हे होतात. आपल्याकडे फोल्डरांची नावे अशी असतात : "सुवर्णमहोत्सवी वार्षिक स्नेहसंमेलन छायाचित्रे", त्याच्या आत "दुसरा दिवस सांस्कृतिक कार्यक्रम", त्याच्या आत आणखी काही. मूळ संगणकावर पत्ता कसाबसा २६० मध्ये बसतो. फाईल हिस्ट्री बॅकअप घेताना पुढे स्वतःचे फोल्डर जोडते आणि फाईलीच्या नावामागे तारीख व वेळ लिहिते, त्यातच २५-२६ चिन्हे जातात. पत्ता मर्यादेबाहेर जातो आणि नेमकी तीच फाईल वगळली जाते. बाकीच्या हजारो जातात, त्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. मराठी नावे जरूर ठेवा, पण आटोपशीर ठेवा. "संमेलन २०१९, दिवस २" पुरे आहे.

याहून दुःखाची गोष्ट जुन्या फाँटची. आपल्या या पत्रकाचे कितीतरी जुने अंक पेजमेकरमध्ये, श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये जुळवलेले आहेत. त्या काळी देवनागरी अक्षरांच्या जागी प्रत्यक्षात इंग्रजी चिन्हांचे क्रमांक साठवले जात, आणि फाँट त्यांना मराठी रूप देई. फाईलीचा बॅकअप अगदी पूर्ण झाला, पण फाँट घेतला नाही, तर नव्या संगणकावर ती उघडल्यावर पानभर निरर्थक चिन्हे दिसतात. पेजमेकरची ७ वी आवृत्ती २००१ साली आली, आणि तीच त्याची शेवटची मोठी आवृत्ती ठरली. तेव्हा या अंकांची डिस्कवर तीन रूपे हवीत : मूळ फाईल, तिचा फाँट, आणि ज्यात फाँट आतच साठवलेला असतो अशी पीडीएफ. ज्यांना वेळ आहे त्यांनी मजकूर युनिकोडमध्ये आणून ठेवावा. माझ्या मते नववी-दहावीच्या मुलांसाठी हा सुट्टीतला उत्तम उपक्रम आहे. मराठी वाचले जाईल, संगणक शिकला जाईल, आणि आजोबांच्या काळातले लेख वाचायला मिळतील ते वेगळेच.

जे घेतलेच नाही

कधी कधी बॅकअप हिरवी खूण दाखवतो आणि तरीही हवी ती फाईल त्यात नसते. फाईल हिस्ट्री आपणहून डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशी ठरलेली फोल्डरेच घेते. कचेरीत मात्र "सी वर ठेवू नका, डी वर ठेवा" ही जुनी शिकवण असल्यामुळे रजिस्टर डी ड्राइव्हवर असते. ते फोल्डर यादीत आपण घालावे लागते. टॅलीचे हिशेब तर टॅलीच्या स्वतःच्या बॅकअप सोयीनेच घ्यावेत, कारण चालू असलेली हिशेबाची फाईल बाहेरून कॉपी केली तर अर्धी जुनी, अर्धी नवी अशी प्रत निघू शकते. विंडोज यासाठी एका क्षणाची "छाया-प्रत" काढते खरी, परंतु साध्या कॉपी-पेस्टला तो लाभ मिळत नाही.

परवानगी नाकारल्याची, म्हणजे ५ क्रमांकाची तक्रार आली तर अँटिव्हायरसकडेही पाहावे. विंडोज १० मध्ये २०१७ पासून अशी एक सोय आली की अनोळखी प्रोग्रामला ठरावीक फोल्डरांत लिहूच द्यायचे नाही. ती चालू असेल तर आपल्या बॅकअपच्या प्रोग्रामला ओळखीच्या यादीत घालावे. ती सोय बंद करून टाकू नये. त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रामने जगभर संगणकांवरच्या फाईली कुलूपबंद केल्या होत्या. असा प्रोग्राम त्या क्षणी जोडलेल्या बाहेरच्या डिस्कलाही सोडत नाही. म्हणून बॅकअप झाला की डिस्क रीतसर काढून कपाटात ठेवावी. शाळेत आणि घरीही अजून विंडोज १० वापरणारे बरेच आहेत. त्याचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हेही लक्षात असू द्या.

डिस्कच आजारी असेल तर

वरचे सर्व पाहून झाले, केबल नवी आहे, दुसऱ्या संगणकावरही तीच तक्रार येते, आतून एका लयीत टक्-टक् आवाज येतो किंवा फोल्डर उघडायला मिनिटे लागतात. आता डिस्कच संशयित. प्रत्येक डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते. क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत प्रोग्रामने ती वाचता येते. त्यात बदली केलेल्या सेक्टरांची आणि बदलीच्या प्रतीक्षेतल्या सेक्टरांची संख्या शून्य असावी. थोडी असली आणि महिनोन्महिने तेवढीच राहिली तर लक्ष ठेवावे. दर आठवड्याला वाढत असेल तर ती डिस्क निवृत्त करावी.

येथे बहुतेक जण चेकडिस्क चालवायला सांगतात. त्याबाबत माझे मत असे की क्रम महत्त्वाचा आहे. डिस्क नीट न काढल्यामुळे अनुक्रमणिका बिघडली असेल तर चेकडिस्क उत्तम काम करते. पण डिस्क शरीरानेच खंगली असेल, तर तिचा कोपरा न् कोपरा वाचायला लावणारी ती लांब तपासणी म्हणजे दमेकऱ्याला जिना चढायला लावणे. आधी जे निघते ते दुसऱ्या डिस्कवर काढून घ्यावे, मग तपासणी करावी. टक्-टक् आवाज येत असेल आणि आतला मजकूर दुसरीकडे कोठेच नसेल, तर वीज तोडून डिस्क तज्ज्ञाकडेच न्यावी. घरी उघडू नये. आतली तबकडी आणि वाचणारे टोक यांच्यातले अंतर धुळीच्या कणापेक्षाही लहान असते.

परत आणून पाहणे

सर्व दुरुस्त झाले आणि हिरवी खूण आली, तरी काम संपलेले नाही. महिन्यातून एकदा डिस्क दुसऱ्याच संगणकाला लावावी, तीन फाईली निवडाव्यात, एक जुनी, एक या आठवड्यातली आणि एक मोठी, आणि त्या परत आणून उघडून पाहाव्यात. रजिस्टर उघडले तर शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे ते वाचावे. ज्यांना अधिक खात्री हवी त्यांनी विंडोजमधल्या सर्टयुटिल या आदेशाने मूळ फाईल आणि परत आणलेली फाईल यांचा ठसा काढावा. एसएचए-२५६ पद्धतीचा ठसा ६४ चिन्हांचा येतो. फाईलीत एक स्वल्पविराम बदलला तरी तो पार वेगळा होतो.

संगणकाजवळ एक साधी वही ठेवावी. तारीख, कोणती डिस्क, किती फाईली, किती जीबी, कोणती फाईल परत आणून पाहिली, सही. आकडे एकाखाली एक आले की डोळ्यालाच दिसते : दर आठवड्याला ४१ जीबी, ४१, ४२, आणि अचानक ९. मग संदेश आला नसला तरी चौकशी करायची.

आणि विश्वस्त मंडळींच्या प्रश्नाबद्दल. एका डिस्कने हे भागणार नाही. दोन डिस्क घ्याव्यात, त्यांच्यावर "एक" आणि "दोन" असे ठळक लिहावे, आणि आठवड्याआड आलटून-पालटून वापराव्यात. जी वापरात नाही ती शाळेच्या इमारतीत नसावी, कार्यवाहांच्या घरी वरच्या मजल्यावर असावी. आज डिस्क तळमजल्यावर, संगणकाच्याच टेबलाच्या खणात असते. तेथे पाणी आले तर दोन्ही एकदमच भिजतील. दुसऱ्या डिस्कच्या खर्चाची मागणी पुढील सभेसाठी कार्यवाहांकडे लेखी दिली आहे.

स्वाध्याय

१. बॅकअप अडल्यावर क्रमांकाचे शेवटचे चार अंक ००७९ आले. दशमान पद्धतीत ही संख्या किती?
२. शेवटचे चार अंक ००ई१ असतील तर किती? (या क्रमांकाची तक्रार फाईलीत विषाणू सापडल्याची आहे. अशा वेळी अँटिव्हायरस बंद करून बॅकअप घ्यावा का? कारण लिहा.)
३. खोक्यावर २ टेराबाइट लिहिलेली डिस्क विंडोजमध्ये किती जीबी दाखवेल?
४. "वार्षिक पारितोषिक वितरण समारंभ" या नावातली अक्षरे आणि संगणकाच्या लेखी होणारी चिन्हे वेगवेगळी मोजा. मधल्या मोकळ्या जागाही धरा.
५. घरच्या बॅकअपमधून आजी-आजोबांचा एक फोटो आई-बाबांच्या समोर परत आणून दाखवा. आला नाही तर कोठे अडले आणि संदेश काय होता ते वहीत लिहून वर्गात आणा.

उत्तरे पुढील अंकात.